पडद्यावरचे घर आणि घमापूरचे घर

मे महिन्यातली रात्र. जबलपूरच्या घमापूर भागात दहा वाजून गेले तरी माणसे घरात शिरायला तयार नसतात. कुणी ओट्यावर बसलेले, कुणी गल्लीतच खाट टाकलेली. कारण साधे आहे. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब रात्री आपली सगळी उष्णता खालच्या खोलीत सोडू लागतो. पंखा फिरतो, पण तो वरचीच गरम हवा खाली ढकलतो. दार सताड उघडे आणि आत टीव्ही चालू.

त्या टीव्हीवर एखाद्या वेळी 'ग्रीन होम' दाखवले जाते. पांढराशुभ्र दिवाणखाना, छतापर्यंत काच, काचेबाहेर हिरवळ, गच्चीवर सौरपट्ट्या, न्हाणीघरात परदेशी नळ. मालकीणबाई हसून सांगतात की, निसर्गाच्या सान्निध्यात राहायचे त्यांचे स्वप्न होते. दोन खोल्यांत पाच माणसे राहणाऱ्या घरातली बाई हे बघते आणि काय समजते? हेच की, पर्यावरण ही पैसेवाल्यांची हौस आहे. आधी बंगला, मग झाडे, मग पर्यावरण.

या समजुतीचा दोष तिला देता येणार नाही. खरे पाहता पर्यावरण जपणाऱ्या घराची गरज सर्वात जास्त तिलाच आहे. काचेच्या घरातली माणसे वातानुकूलन यंत्र लावून सुटतात. तिला मात्र पत्र्याखाली किंवा चार इंची स्लॅबखाली भाकऱ्या भाजायच्या असतात. पण तिच्या घराचा कार्यक्रम कुणी करत नाही, कारण तिच्या घरात विकण्यासारखे काही नाही.

एका रात्रीचा धडा

घमापूरला लागून असलेल्या एका वस्तीचे नाव लालमाटी आहे. नावातच माती असलेल्या या भागात माती नवी नाही. इंग्रजांच्या अमदानीत जबलपुरात बर्न कंपनी आणि परफेक्ट पॉटरी हे मातीकामाचे मोठे कारखाने होते. जुनी घरे मातीची नाही तर मातीत रचलेल्या विटांची, वर कवेलू. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत आणि पुढे गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, व्हेइकल फॅक्टरी अशा कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे आणखी मराठी कुटुंबे आली. विदर्भातून आलेल्यांना कवेलूचे घर परके नव्हतेच. उन्हाळ्यात ते गार राही. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, भिंती सारवायच्या, हे दरवर्षीचे काम.

मग 22 मे 1997 ची रात्र आली. पन्नाशी ओलांडलेल्या जबलपूरकराला ही तारीख आठवून द्यावी लागत नाही. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते आणि जमीन हलली. 5.8 तीव्रतेच्या त्या भूकंपात चाळीसच्या आसपास माणसे दगावली, हजारावर जखमी झाली. जबलपूरजवळचे कोसमघाट हे खेडे तर जवळपास भुईसपाट झाले. मातीची, मातीत रचलेल्या विटांची घरे मोठ्या संख्येने पडली किंवा फाटली.

त्या रात्रीनंतर लोकांनी एकच धडा घेतला: माती वाईट, सिमेंट चांगले. ज्याला जमले त्याने कवेलू उतरवून स्लॅब टाकला. ज्याला जमले नाही त्याने पत्रा टाकला आणि स्लॅबची वाट पाहू लागला.

हा धडा अर्धवट होता. त्याच रात्री जबलपुरातल्या काही नव्या, सिमेंट काँक्रीटच्या बहुमजली इमारतींच्या खांबांनाही तडे गेले होते. तळमजला गाड्या लावायला मोकळा सोडलेला आणि वरचे सगळे वजन बारीक खांबांवर, अशा त्या इमारती होत्या. म्हणजे माती की सिमेंट हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो घर बांधून ठेवण्याचा. चार भिंती एकमेकींना धरून नसतील तर हादऱ्याबरोबर प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने पडते. जोत्याला, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असा सलग पट्टा चारही भिंतींतून फिरवला, कोपऱ्यांत सळी उभी केली, तर तेच घर माणसांना बाहेर पडायला वेळ देते. पट्टा काँक्रीटचाच हवा असेही नाही, साध्या घरात तो लाकडाचाही चालतो. हे सगळे भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांसाठी आणि साध्या दगड-विटांच्या घरांसाठी 1993 साली स्वतंत्र पुस्तिकांत लिहून ठेवलेले आहे. जबलपूरच्या भूकंपाआधी चार वर्षे! पण मानक संस्थेची पुस्तिका विकत आणून वाचणारा गवंडी कुणी पाहिला आहे का?

किल्लारीच्या बायका

तेच 1993 साल महाराष्ट्र कसे विसरेल? गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. तिथली माळवदाची घरे बाहेरून गढीसारखी भक्कम दिसत. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचा जाड थर. पण भिंतीच्या आतला दगड आणि बाहेरचा दगड यांना जोडणारा आरपार दगडच नव्हता. दोन पापुद्रे सुटावेत तशा भिंती सुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली.

पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी बसवली गेली. त्याची चर्चा खूप झाली. रुंद रस्ते, सरळ ओळी, एकसारखी घरे. गुरे कुठे बांधायची, पाहुणा कुठे उतरवायचा, याचा विचार कमी. मात्र त्या काळातल्या दुसऱ्या एका कामाची आठवण फार कमी लोक काढतात. गावे न हलवता सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. पैसे सरकार देणार, काम घरमालकाने करून घ्यायचे. पण घरमालकाला सांगणार कोण? अभियंता आठवड्यातून एकदा येणार आणि बोलणार ते पुरुषांशी, चावडीवर.

प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी गावोगावच्या बायकांना पुढे आणले. तेराशेच्या आसपास गावांत 'संवाद सहायक' म्हणून बायका उभ्या राहिल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, पट्टा कुठे फिरवायचा, हप्ता कधी मिळतो, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. गवंड्याने आळस केला तर त्याला अडवू लागल्या. ज्या बाईचे सगळे आयुष्य त्या चार भिंतींत जाणार, तिला ती भिंत कशी उभी राहते हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितले. 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच बायकांतल्या काही जणी तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या.

ही गोष्ट टीव्हीच्या संदर्भात सांगण्याचे कारण असे की, टीव्हीने जे करायला हवे ते काम या बायकांनी पायी फिरून केले. टीव्ही तर घरात बसलेलाच असतो.

टीव्हीला हे जमते

टीव्हीचे काम करमणुकीचे, शिकवण्याचे नाही, असे म्हणणाऱ्यांनी जुने दिवस आठवावेत. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात भारताने अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने 'साइट' नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले. त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूरकडचा भागही होता. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांवरचे कार्यक्रम. ज्या गावांत वर्तमानपत्र पोचत नव्हते तिथे उपग्रहावरून चित्र पोचले. मुंबई दूरदर्शनचा 'आमची माती आमची माणसं' तर मराठी घरांना सांगायला नको. बियाणे, खते, फवारणी, सगळे त्या कार्यक्रमाने ओळखीचे करून टाकले. शेतीत जर हे जमले तर घराच्या बाबतीत का जमू नये? घरावर तर माणूस आयुष्याची कमाई घालतो.

अलीकडचे उदाहरणही आहे. 2012 साली आमिर खानचा 'सत्यमेव जयते' रविवारी सकाळी खासगी वाहिन्यांवर आणि दूरदर्शनवर एकाच वेळी दाखवला जाई. 22 जुलैचा भाग पाण्यावर होता. पुढे 2016 मध्ये त्याच मंडळींनी पानी फाउंडेशन काढले आणि वरूड, अंबाजोगाई, कोरेगाव या तीन तालुक्यांत गावागावांची स्पर्धा लावली. पहिल्या वर्षी साताऱ्याकडच्या वेळूने बक्षीस मिळवले. मग 'तुफान आलंया' मधून बांध-बंदिस्ती, चर, श्रमदान हे सगळे मराठी वाहिन्यांवर दिसू लागले. त्या कामाच्या शास्त्रावर पुढे वादही झाले, होऊ द्यावेत. पण माथ्यापासून पायथ्याकडे पाणी अडवत यायचे असते, हे घरात बसलेल्या शहरी माणसालाही त्यामुळे कळले.

मग असाच कार्यक्रम घरावर हवा. नायक गवंडी आणि नायिका त्या घरातली बाई. वास्तुशास्त्राच्या नावाखाली संडास कुठल्या दिशेला असावा यावर तास तास घालवणाऱ्या वाहिन्यांना त्यासाठी अर्धा तास सापडायला हरकत नाही.

दाखवण्यासारखे खूप आहे. पहिल्यांदा छप्पर दाखवावे, कारण उन्हाळ्यात घर तापते ते मुख्यतः वरून. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने शेकडो बळी घेतले. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेशी लढायचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करायची मोहीम काढली. महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायका या कामात पुढे होत्या. छप्पर पांढरे असले की ऊन परत फिरते आणि घरातले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. तेलंगणाने तर 2023 मध्ये गार छपरांचे धोरणच जाहीर केले. यासाठी महागडा रंगच हवा असे नाही. गच्ची खरवडून स्वच्छ धुवायची, तडे बुजवायचे आणि चुना गाळून, त्यात चिकटण्यासाठी थोडा डिंक किंवा फेविकॉल घालून दोन-तीन हात मारायचे. पावसाळ्यात तो धुपतो, म्हणून पुढल्या चैत्रात पुन्हा मारायचा. चुना कालवताना डोळे सांभाळावेत आणि मुलांना लांब ठेवावे, तो डोळ्यात गेला तर इजा करतो. एका गच्चीला चुना मारून शेजारच्या गच्चीशी तुलना करून दाखवली, दोन्ही खोल्यांत तापमापक टांगले, तर बघणाऱ्याला भाषण लागणार नाही.

मग भिंत. इंग्लंडमध्ये 1917 साली जन्मलेले लॉरी बेकर गांधीजींच्या भेटीने भारावून भारतात राहिले आणि केरळात त्यांनी साध्या माणसांसाठी घरे बांधली. घराचे सामान शक्यतो आसपासच्या पाच मैलांतले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी धरून ठेवला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडायची त्यांची पद्धत 'रॅट-ट्रॅप', म्हणजे उंदराच्या सापळ्यासारखी, म्हणून ओळखली जाते. भिंत नऊ इंचीच दिसते, पण विटा आणि माल सुमारे चौथा हिस्सा कमी लागतो. मधल्या हवेमुळे उष्णताही आत कमी येते. जबलपूरसारख्या भूकंपाच्या भागात त्या पोकळीतूनच सळी उभी करता येते. 1990 साली बेकरना पद्मश्री मिळाली, 2007 मध्ये ते गेले. त्यांची घरे बघायला देशभरचे विद्यार्थी जातात, आणि घमापूरचा गवंडी मात्र आपली नेहमीची भिंतच बांधत राहतो. त्याला दोष कसा द्यावा? त्याला कुणी दाखवलेच नाही. महाराष्ट्रात वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र 1976 पासून माती, बांबू आणि कुंभाराने घडवलेल्या नळ्यांची छपरे यांवर काम करत आहे. जबलपूरहून वर्धा एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर. तिथे कॅमेरा घेऊन जायला कितीसा खर्च येईल?

अडचण एकच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चुन्याला, मातीला, विटा उभ्या रचण्याच्या युक्तीला जाहिरातदार नाही. सिमेंटला, सळईला, रंगाला आहे. कमी सिमेंट वापरा असे सांगणाऱ्या कार्यक्रमाला सिमेंटवाला पैसे देणार नाही. म्हणून हे काम सरकारी वाहिनीनेच करायला हवे. तिच्यापाशी पोच आहे, आणि ती आपल्याच पैशावर चालते. पंतप्रधान आवास योजनेतून लाखो कुटुंबे घरे बांधत आहेत. हप्ता कधी मिळेल हे त्यांना सांगितले जाते. हप्त्यात मिळणाऱ्या पैशातून गार आणि मजबूत घर कसे होईल, हे सांगण्याची तसदी फारशी कुणी घेत नाही.

वाळू कुठून येते?

मात्र घर गार झाले, मजबूत झाले, विटा वाचल्या, एवढ्यावर कार्यक्रम संपवला तर तो पुन्हा अर्धवटच राहील. घराला लागणारी वाळू कुठून आली, हे दाखवायला नको का?

जबलपुरात बांधकामाची वाळू म्हणजे नर्मदेची वाळू. ज्या नदीला सकाळी दिवा सोडायचा तिच्याच पात्रातून रात्री ट्रक भरायचे. 22 मे 2017 रोजी, भूकंपाला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, मध्य प्रदेश सरकारने नर्मदेतला वाळू उपसा थांबवण्याची घोषणा केली होती. ती बंदी पुढे उठली. उपशाने नदीकाठच्या विहिरी आटतात, काठ ढासळतो, कलिंगडाचे वाफे करणारे आणि मासे धरणारे उघड्यावर येतात. यांपैकी एकाचेही नाव घरमालकाच्या हिशेबात नसते. ट्रकचे भाडे असते, वाळूचा भाव असतो, नदीचा भाव नसतो.

आणि हे टीव्हीवर दाखवणे किती महाग पडते? मध्य प्रदेशातल्या भिंडचे संदीप शर्मा 'न्यूज वर्ल्ड' या वाहिनीचे बातमीदार होते. वाळूच्या बेकायदा धंद्यात पोलीस अधिकाऱ्याचे साटेलोटे असल्याचा आरोप करणारी छुप्या कॅमेऱ्याची बातमी त्यांनी केली होती. जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असे त्यांनी लिहूनही कळवले होते. 26 मार्च 2018 च्या सकाळी ते मोटारसायकलवरून जात असताना पोलीस ठाण्याजवळच एका ट्रकने त्यांना चिरडले. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात ते सगळे टिपले गेले होते. चालकाला अटक झाली, घरच्यांनी हा खून असल्याचा आरोप केला, सरकारने सीबीआय चौकशीची शिफारस केली. काही सेकंदांचे ते चित्रण देशभरच्या वाहिन्यांवर दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा दाखवले गेले. ज्या बातमीसाठी त्यांचे वैरी झाले, ती बातमी मात्र त्यातल्या किती वाहिन्यांनी पुढे नेली?

राखेच्या विटांचेही असेच. वीजघरांच्या राखेपासून विटा करणे चांगलेच, शेतातली सुपीक माती वाचते. केंद्र सरकारने 1999 च्या अधिसूचनेने वीजघरांच्या आसपासच्या बांधकामांना त्या सक्तीच्या केल्या. पण न वापरलेली राख कुणाच्या दारात पडून असते? नागपूरजवळ कोराडी वीजघराचा खसाळा येथला राखेचा बंधारा जुलै 2022 मध्ये फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत शिरला. शहराच्या दिवाणखान्यातला दिवा आणि खसाळ्याच्या शेतातली राख एकाच चुलीतून येतात, हे चित्र कुठल्याही 'ग्रीन होम'च्या कार्यक्रमात बसायला हवे. गैरसोय एकाची आणि सोय दुसऱ्याची, ही वाटणी कोण करतो, असे विचारणे म्हणजेच पर्यावरणातला न्याय. शब्द जड आहे, गोष्ट जड नाही.

घमापूरच्या माणसाला तर ती समजावूनही सांगावी लागू नये. जबलपूरपासून थोड्याच अंतरावर नर्मदेवर बरगी धरण आहे. 1990 च्या सुमारास ते भरले तेव्हा जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतली 162 गावे बाधित झाली. सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त जमीन पाण्याखाली गेली. त्या गावांतली अनेक माणसे पोट भरायला जबलपुरात आली, रिक्षा ओढू लागली, बांधकामांवर बिगारी झाली. मातीच्या भिंतींची, कवेलूंची, मागे परसू असलेली घरे त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली होती. ती पाण्यात गेली आणि इथे त्यांनी दुसऱ्यांच्या स्लॅबसाठी डोक्यावरून माल वाहिला. त्यांतल्या कितीकांच्या घरावर तीस वर्षांनंतरही पत्राच आहे.

भिंत कशी लिंपायची, परसात बांबू कुठे लावायचा, पाऊस कुठून येतो आणि दार कुठल्या बाजूला ठेवायचे, हे ज्यांना पाठ होते ते हेच लोक. दूरदर्शनने उद्या घरावर कार्यक्रम करायचे ठरवले तर तज्ज्ञ शोधायला दिल्लीला माणूस धाडायचे कारण नाही. घमापूर चौकात सकाळी मजूर कामाच्या आशेने उभे असतात तिथे जावे आणि ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना विचारावे की, गावातले घर कसे होते.